ग्राहकसंदेशांची नक्कल आणि तिची रुजुवात

ज्या दुकानदाराची, प्रकाशकाची, गृहउद्योगाची किंवा सहकारी संस्थेची बरीचशी उलाढाल आज संदेशांच्या द्वारे होते, त्याला आपल्या गिऱ्हाइकाने गेल्या दिवाळीत नेमका कोणता माल मागविला होता, कोणत्या भावास आपण रुकार दिला होता आणि पोच त्याने कोणत्या तारखेस कबूल केली होती, असे कोणी विचारले, तर तो खिशातला फोन काढतो आणि बोटाने पडदा सरकवीत जुने संभाषण धुंडाळू लागतो. पूर्वीच्या पेढीवर हाच मजकूर आवक-जावक बारनिशीत अनुक्रमांक आणि तारीख घालून नोंदलेला असे, आणि ती बारनिशी पेढीच्या मालकीची असल्यामुळे फडताळ उघडले की काम भागे. आजचा पत्रव्यवहार मात्र ज्या सेवेच्या कोठारात पडून असतो, तिचे नियम, तिची मुदत आणि तिची किल्ली ही तिन्ही परक्याच्या हाती असतात. फोन हरवला, खाते बंद झाले, सेवा पुरविणाऱ्या मध्यस्थाशी बिनसले किंवा त्याने दर वाढविले, म्हणजे ही गोष्ट एकाएकी ध्यानात येते आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून ग्राहकांशी झालेल्या संदेशव्यवहाराची नक्कल वेळोवेळी काढून ती आपल्या दप्तरी ठेवणे, हे काम हिशोबाच्या वह्या लिहिण्याइतकेच नित्याचे मानले पाहिजे. ते कोणत्या रीतीने करावे, याचे दिग्दर्शन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच आधारलेले आहे. सेवा ‘एक्स्पोर्ट’ या नावाखाली जे आपल्या हाती देते, ती मूळ व्यवहाराची संपूर्ण प्रतिकृती नसते. ती एक निवड असते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड प्रसिद्ध झाले, ते इतिहासाच्या अभ्यासकाला अमोल आहेत. परंतु पुण्याच्या दप्तरखान्यातील रुमाल ज्याने सोडून पाहिले आहेत, तो त्या खंडांनाच दप्तर मानून चालत नाही. तेथे निदान निवड करणारा विद्वान होता आणि निवड केल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले होते. येथे काय ठेवावे आणि काय गाळावे हे दूर देशी बसलेल्या एखाद्या कार्यक्रमकाराने, आपल्या धंद्याची यत्किंचितही कल्पना नसताना, सर्वांसाठी एकदाच ठरवून टाकलेले असते, आणि गाळलेल्याची यादी फाइलीबरोबर येत नाही. ती यादी आपणच करावयाची, हे नक्कल काढणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

पूर्वतयारी

बटण दाबण्यापूर्वी तीन प्रश्नांचा निकाल लावावा. पहिला प्रश्न प्रयोजनाचा. एखाद्या गिऱ्हाइकाशी उद्भवलेला वाद मिटविण्यासाठी नक्कल हवी असेल, तर त्या एकाच संभाषणाची, पण चित्रे, ध्वनिमुद्रणे आणि पावत्यांसह पूर्ण प्रत लागते. वर्षाच्या विक्रीचा आढावा घ्यावयाचा असेल, तर हजारो संभाषणांतील तारीख, क्रमांक आणि मजकूर एवढेच पुरते. आणि एका सेवेतून दुसऱ्या सेवेत बिऱ्हाड हलवावयाचे असेल, तर मजकुरापेक्षाही त्याची यंत्राला समजणारी मांडणी महत्त्वाची ठरते. दुसरा प्रश्न रूपाचा. माणसाने वाचावयाचे असेल तर साधा मजकूर, पीडीएफ किंवा एचटीएमएल हे रूप सोयीचे. यंत्राने वाचावयाचे असेल तर सीएसव्ही किंवा जेसन. या दोहोंपैकी जेसन दिसावयास ओबडधोबड, परंतु त्यात एका संदेशाखाली दुसरा, त्याखाली जोडपत्रे अशी उतरंड टिकून राहते; सीएसव्ही तक्त्यात सुबक दिसते, पण तक्त्यात न मावणारे सर्व काही ती मुकाट्याने टाकून देते.

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि व्यवहारात बहुतेकांचे घोडे येथेच अडते. खाते कोणाच्या नावाने उघडले आहे, कोणत्या मोबाइल क्रमांकावर परवलीचा आकडा येतो, मुख्य व्यवस्थापकाचा हक्क कोणाकडे आहे, याची आधी चौकशी करावी. कित्येक दुकानांचे इन्स्टाग्रामचे पान पुतण्याने हौसेने उघडून दिलेले असते, किंवा जाहिरातीचे काम पाहणाऱ्या संस्थेने आपल्याच ईमेलवर नोंदविलेले असते; तो पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास गेला किंवा त्या संस्थेचा करार संपला, म्हणजे मालक आपल्याच दप्तरखान्याच्या दाराशी अर्जदार म्हणून उभा राहतो. तेव्हा आधी हक्क आपल्या नावावर करून घ्यावे आणि मग नकलेच्या मागे लागावे.

व्हॉट्सॲप बिझनेस

महाराष्ट्रातील लहान व्यापाऱ्यांच्या हाती सर्वांत अधिक असलेले साधन म्हणजे २०१८ च्या जानेवारीत सुरू झालेले व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप होय, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करू. अँड्रॉइड फोनवर संभाषण उघडून वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके, त्याखालील ‘अधिक’ आणि त्यातील ‘चॅट एक्स्पोर्ट’ असा मार्ग आहे. आयफोनवर संभाषणाच्या माथ्यावरील नावास स्पर्श केला असता खाली तोच पर्याय सापडतो. पुढे माध्यमांसह की माध्यमांविना, असा प्रश्न येतो. माध्यमांसह मागितल्यास अलीकडील १०,००० संदेशांपर्यंत आणि माध्यमांविना मागितल्यास ४०,००० संदेशांपर्यंत नक्कल मिळते. ईमेलच्या आकाराला असलेल्या बंधनामुळे ही मर्यादा घातली आहे, असे कंपनी सांगते. घाऊक विक्रेत्याच्या रोजच्या गजबजलेल्या संभाषणात ही मर्यादा वाटते तितकी दूर नसते, आणि ती ओलांडली म्हणजे सर्वांत जुने, म्हणजेच बहुधा मूळ करार ज्यात ठरला तेच संदेश नकलेतून बाहेर राहतात. एका वेळी एकाच संभाषणाची नक्कल निघते, सर्व गिऱ्हाइकांची एकगठ्ठा निघत नाही. म्हणून महत्त्वाच्या गिऱ्हाइकांची यादी करून दर तिमाहीस क्रमाने हे काम उरकावे, हे उत्तम.

हाती येणारी फाइल साध्या मजकुराची असते आणि तिच्यातील एक ओळ साधारणपणे अशी दिसते:

१४/०८/२४, २१:१२ - सांगली दुकान: दोन किलो चकली, दर मान्य, शनिवारी पाठवा

या एका ओळीकडे नीट पाहिले असता निवड म्हणजे काय याचा उलगडा होतो. संदेश पाठविणाऱ्याचे नाव म्हणून जे छापले आहे, ते त्या इसमाने स्वतः लावलेले नाव नसून आपण आपल्या फोनवहीत ज्या नावाने त्याला जतन केले ते नाव आहे. त्याचा क्रमांक या ओळीत कोठेही नाही. उद्या ‘सांगली दुकान’ म्हणजे नेमके कोण, असा प्रश्न निघाला, तर या फाइलीत त्याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून नक्कल काढण्यापूर्वी फोनवहीत नावापुढेच क्रमांक लिहून ठेवावा, किंवा नकलेसोबत नाव आणि क्रमांक यांचा जाबता वेगळा जोडावा. संदेश पोचला की नाही आणि वाचला की नाही, हे सांगणाऱ्या दोन खुणा पडद्यावर दिसतात, पण फाइलीत उतरत नाहीत. एखाद्या विशिष्ट संदेशाला बोट लावून दिलेले उत्तर पडद्यावर त्या संदेशासह दिसते. फाइलीत ते सुटे होऊन खाली पडते, आणि ‘हो, चालेल’ हे उत्तर भावाला होते की तारखेला, हे कळेनासे होते. अंगठा दाखवून दिलेली संमती तर फाइलीत मुळीच येत नाही. ज्या गिऱ्हाइकाने भाव वाचून केवळ अंगठा दाखविला, त्याची मान्यता नकलेपुरती अस्तित्वातच नसते. ‘नवी मागणी’, ‘पैसे येणे’ अशी जी लेबले आपण परिश्रमपूर्वक लावलेली असतात, त्यांचीही गत तीच. माध्यमांविना काढलेल्या नकलेत चित्राच्या जागी माध्यम वगळल्याचा शेरा तेवढा राहतो, आणि ते चित्र चकलीचे होते की पैसे भरल्याच्या पावतीचे, हे त्यावरून सांगता येत नाही. तेव्हा ज्या व्यवहारात रुकार अंगठ्याने दिला गेला असेल किंवा उत्तराचा संबंध महत्त्वाचा असेल, त्या भागाचे पडद्याचे चित्र तारखेसह वेगळे घेऊन फाइलीस जोडावे. आणि पुढील व्यवहारात मोठी मागणी असेल तेथे गिऱ्हाइकाकडून ‘मान्य’ हा शब्द भाव आणि वजनासह लिहूनच घ्यावा.

नक्कल आणि बॅकअप यांत पुष्कळांची गल्लत होते. बॅकअप हा त्याच ॲपमध्ये पुन्हा उतरविण्यासाठी असतो, तो माणसाला वाचता येत नाही. नक्कल माणसाला वाचता येते, पण ती ॲपमध्ये परत चढविता येत नाही. एकीने दुसऱ्याचे काम भागत नाही, म्हणून दोन्ही हवीत. बॅकअपला परवलीचा शब्द किंवा ६४ अंकी किल्ली घालून कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे आणि ती अवश्य वापरावी. परंतु ती किल्ली हरवली तर कंपनीही ते कुलूप उघडून देऊ शकत नाही, म्हणून ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. सेटिंग्जमध्ये खात्याच्या माहितीचा अहवाल मागविण्याची जी सोय आहे, तिच्याविषयीही असाच गैरसमज आहे; सुमारे तीन दिवसांनी येणाऱ्या त्या अहवालात खात्याची आणि सेटिंग्जची माहिती असते, संदेश नसतात. याशिवाय, संभाषणातील संदेश २४ तासांनी, ७ दिवसांनी किंवा ९० दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची योजना कोणी चालू केली असेल, तर नक्कल काढावयास आपल्यापाशी तेवढीच मुदत आहे असे समजावे; आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेली प्रगत गोपनीयतेची सोय एखाद्या संभाषणास लागू असेल, तर त्याची नक्कल काढण्याचा मार्गच बंद होतो. व्यवहाराच्या संभाषणात या दोन्ही गोष्टी चालू आहेत की काय, हे मागणी स्वीकारण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

मध्यस्थामार्फत चालणारा व्यवहार

धंदा वाढला, एकाच क्रमांकावर अनेक कारकून उत्तरे देऊ लागले, म्हणजे व्यापारी ॲप सोडून व्हॉट्सॲपच्या मालक मेटा कंपनीच्या एपीआय या संगणकीय जोडणीचा आश्रय करतो, आणि तो बहुधा एखाद्या मध्यस्थ कंपनीच्या मार्फत. येथे एक तत्त्व पक्के ध्यानात ठेवले पाहिजे: या व्यवस्थेत गिऱ्हाइकाचा संदेश येताच तो ‘वेबहूक’ नावाच्या वाटेने आपल्या किंवा मध्यस्थाच्या संगणकाकडे धाडला जातो, मेटाच्या क्लाउडमध्ये संदेश फार तर ३० दिवस राहतो, आणि मागील वर्षाचा पत्रव्यवहार कंपनीकडून पुन्हा मागवून घेण्याचा दरवाजा तेथे नाही. याचा अर्थ असा की, आपल्या वर्षानुवर्षांच्या संदेशांचे खरे दप्तर मध्यस्थाच्या भांडारात असते, आणि मध्यस्थ बदलताना आपला क्रमांक, नाव आणि मंजूर झालेले संदेशांचे साचे जरी नव्या घरी नेता येत असले, तरी जुनी संभाषणे आपोआप मागोमाग येत नाहीत.

म्हणून मध्यस्थाशी करार करतानाच, भावाच्या कलमाइतक्याच काटेकोरपणे, नकलेचे कलम घालून घ्यावे. प्रत्येक संदेशाचा स्वतंत्र क्रमांक, तो आवक की जावक, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा क्रमांक, वेळ, मजकूर, पाठविला, पोचला व वाचला या तिन्ही अवस्था, आणि उत्तर देणाऱ्या कारकुनाचे नाव, एवढे रकाने मिळालेच पाहिजेत, असे त्यात लिहावे. माध्यमांविषयी विशेष दक्षता घ्यावी, कारण चित्र उतरविण्यासाठी मेटाकडून मिळणारा दुवा अवघा ५ मिनिटे चालतो. नकलेत चित्राऐवजी केवळ दुवा लिहून दिला, तर आपल्या हाती किल्ली राहते आणि खोली मात्र नाहीशी होते. करार संपल्यावर किती दिवस नक्कल मागता येईल, ती कोणत्या रूपात मिळेल आणि तिला निराळे शुल्क पडेल काय, हेही तेथेच नमूद व्हावे. करार आधीच झाला असेल आणि त्यात असे कलम नसेल, तर भांडणाचा प्रसंग येण्यापूर्वी, संबंध गोडीगुलाबीचे असतानाच, पहिली संपूर्ण नक्कल मागून घ्यावी.

इन्स्टाग्राम, फेसबुक आणि तक्रारनिवारणाची दप्तरे

इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांची वाट एकच आहे. अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन आपली माहिती उतरवून घेण्याचा पर्याय निवडावा, सर्व माहिती न मागता ‘संदेश’ तेवढे मागावेत, आणि मुदतीच्या रकान्यात आधीपासून जे निवडलेले दिसेल त्यावर विश्वास न ठेवता आपल्याला हवी ती मुदत स्वतः भरावी. फाइल तयार झाल्याची वर्दी येण्यास काही तास किंवा काही दिवस लागतात आणि वर्दी आल्यावर ती मोजकेच दिवस उपलब्ध असते, म्हणून अर्ज करून विसरून जाऊ नये.

येथे मराठी व्यापाऱ्याला एका विशिष्ट अडचणीची पूर्वसूचना देणे अगत्याचे आहे. जेसन रूपात मागविलेल्या या फाइलींत देवनागरी मजकूर वाचता येत नाही. ‘नमस्कार’ या शब्दाच्या जागी अनोळखी चिन्हांची लांबच लांब रांग दिसते. एका देवनागरी चिन्हास यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि ही फाइल त्या तिन्ही बाइटांना तीन निरनिराळी लॅटिन अक्षरे समजून लिहिते, म्हणून हा घोटाळा होतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, केवळ चुकीच्या लिपीचा वेष धारण केलेला असतो. जाणत्या माणसाकडून ती अक्षरे लॅटिन-१ म्हणून परत बाइटांत नेऊन यूटीएफ-८ म्हणून वाचविली, की मराठी मूळ रूपात प्रकट होते. तेवढी खटपट नको असेल, तर तीच माहिती एचटीएमएल रूपातही मागवावी; ती कोणत्याही ब्राउझरमध्ये शुद्ध मराठीत वाचता येते.

झेंडेस्क, फ्रेशडेस्क किंवा झोहो डेस्क यांसारख्या तक्रारनिवारणाच्या सेवा ज्या मोठ्या संस्था वापरतात, त्यांना नकलेची साधने अधिक मिळतात, पण सापळेही तेथे अधिक. झेंडेस्कचे उदाहरण घेतले, तर तेथील सीएसव्ही रूपात तक्रारींची यादी, त्यांची स्थिती आणि तारखा येतात, परंतु गिऱ्हाईक आणि कारकून यांच्यातील संभाषण येत नाही. ते हवे असेल तर जेसनचाच मार्ग धरावा लागतो, आणि दहा लाखांहून अधिक तक्रारी असलेल्या खात्यास ती नक्कल ३१-३१ दिवसांच्या तुकड्यांनी काढावी लागते. ज्या व्यवस्थापकाने घाईघाईने सीएसव्ही उतरवून घेऊन खाते बंद केले, त्याच्या हाती खटल्यांचे अनुक्रमांक राहिले आणि जबान्या गेल्या. जोडपत्रांचेही तसेच: नकलेत बहुधा जोडपत्राचा पत्ता असतो, जोडपत्र नसते, खाते जिवंत असेपर्यंत तो पत्ता उघडतो, त्यानंतर नाही. म्हणून खाते बंद करण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी ते सर्व पत्ते उघडून जोडपत्रे आपल्या संगणकात उतरवून घेतल्याची खात्री करावी.

रुजुवात

नक्कल हाती आली म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्यांचीच पुढे फसगत होते. जुन्या कचेऱ्यांत नक्कल लिहून झाल्यावर एक कारकून अस्सल वाचीत असे आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून तिची रुजुवात घेत असे. त्या शिस्तीचे येथेही पालन करावे.

प्रथम फाइल शुद्ध मराठीत उघडते की नाही हे पाहावे. सीएसव्ही फाइलीवर सरळ टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडल्यास देवनागरीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसण्याचा संभव असतो. त्याऐवजी रिकामी एक्सेल उघडून ‘डेटा’ या विभागातून मजकूर-फाइल आत आणावी आणि लिपीच्या रकान्यात ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावे. त्याच वेळी मोबाइल क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून द्यावा; नाहीतर देशाच्या ९१ या अंकांसह असलेला बारा अंकी क्रमांक एक्सेल एक प्रचंड संख्या समजते, घातांकाच्या रूपाने आखडून दाखविते, आणि तशाच स्थितीत फाइल पुन्हा सीएसव्हीत जतन केली तर क्रमांकाचे शेवटचे अंक कायमचे गमावले जातात. उतरवून घेतलेल्या मूळ फाइलीस म्हणूनच कधी हात लावू नये. काम करावयाचे ते तिच्या प्रतीवर.

त्यानंतर वेळेचा प्रश्न. अनेक सेवा आपल्या नोंदी भारतीय प्रमाणवेळेत न ठेवता जागतिक समन्वित वेळेत ठेवतात, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या दरम्यान आलेला प्रत्येक संदेश नकलेत आदल्या दिवसाच्या तारखेस पडतो. एरवी हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु १ एप्रिलच्या पहाटे आलेली मागणी नकलेत ३१ मार्चला, म्हणजे मागील आर्थिक वर्षात जाऊन बसते, आणि मग हिशोब जुळत नाही. काही नकलांत तर तारीखच नसते, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांची एक संख्या असते. तीत १७४३४४५८०० ही संख्या दिसली, तर ती आपल्याकडील १ एप्रिल २०२५ च्या पहिल्या क्षणाची होय. अशा संख्येला ८६,४०० ने भागून २५,५६९ मिळविले, आणि साडेपाच तासांबद्दल आणखी ५.५ भागिले २४ एवढे मिळविले, म्हणजे एक्सेल त्या रकान्यास तारखेचे रूप दिल्यावर भारतीय वेळ दाखविते. दिवस आणि महिना यांची अदलाबदल हाही नित्याचा दोष आहे. ०५/०४ ही तारीख ५ एप्रिलची की ४ मेची, हे ठरविण्यासाठी ज्यात १२ पेक्षा मोठा अंक आहे अशी एखादी ओळ शोधावी आणि त्यावरून सर्व फाइलीचा क्रम ओळखावा.

शेवटी प्रत्यक्ष पडताळा. नकलेतील पहिला संदेश, शेवटचा संदेश आणि अधूनमधून निवडलेले दहा-वीस संदेश मूळ पडद्याशी ताडून पाहावेत. त्या निवडीत एक चित्र, एक ध्वनिसंदेश, एक खोडलेला संदेश, एक दुरुस्त केलेला संदेश आणि एक उत्तरादाखल दिलेला संदेश असलाच पाहिजे, कारण गळती होते ती याच ठिकाणी. सेवेने एकूण संभाषणांची संख्या कोठे दाखविली असेल, तर ती नकलेतील संख्येशी जुळते काय हे पाहावे, आणि जुळत नसेल तर कारण सापडेपर्यंत जुने खाते चालू ठेवावे.

पुरावा आणि विश्वस्तपणा

नक्कल कधीकाळी न्यायालयात दाखल करावी लागेल, असा संभव असेल, तर आरंभापासूनच त्या दृष्टीने वागावे. २०१४ सालच्या जालना विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की, मूळ यंत्रच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या नकलेसोबत कायद्याने सांगितलेला दाखला असणे अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली तो दाखला दोन भागांत द्यावा लागतो, एक संबंधित पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलीचे हॅशमूल्य नमूद करावे लागते. हॅशमूल्य म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एसएचए-२५६ या पद्धतीने काढल्यास ती ६४ चिन्हांची असते आणि फाइलीत एका स्वल्पविरामाचा जरी बदल झाला तरी ती साफ निराळी येते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या अंगभूत साधनाने ती काढता येते. नक्कल उतरविल्या दिवशीच ती खूण काढून लिहून ठेवल्यास पुढे फाइलीत ढवळाढवळ झाली नाही, हे दाखविणे सोपे जाते. आणि वाद संपेपर्यंत तो मूळ फोन विकू नये, हे सांगणे न लगे.

याच्या दुसऱ्या बाजूचाही विचार करणे प्राप्त आहे. ही संभाषणे आपल्या धंद्याची असली तरी त्यांतील पत्ते, आजारपणाच्या सबबी, बँकेच्या पावत्या आणि आधारपत्राची छायाचित्रे गिऱ्हाइकांची आहेत, आणि ती आपल्याकडे ठेव म्हणून आलेली आहेत. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे की, माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, तिचे रक्षण करावे आणि कारण संपले म्हणजे ती नष्ट करावी. रक्षणातील हयगयीबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा नक्कल कारकुनांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू नये, ती परवलीचा शब्द घालून दोन ठिकाणी ठेवावी, आणि हिशोबाला ज्यांची गरज नाही असे पत्ते व ओळखपत्रे कामाच्या प्रतीतून काढून टाकावीत. किती वर्षे ठेवावी, याचे उत्तर नोंदीच्या स्वरूपावर अवलंबून आहे: पैशाच्या वसुलीच्या दाव्यास सामान्यतः ३ वर्षांची, ग्राहक आयोगाकडील तक्रारीस २ वर्षांची मुदत असते, आणि वस्तू व सेवा कराच्या हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. या मुदतींवरून आपल्या दप्तराचे कोष्टक तयार करून हिशोबनिसाची त्यास संमती घ्यावी आणि त्याप्रमाणे वर्षातून एकदा जुन्या नकला निकालात काढाव्यात.

राहता राहिली ती नकलेबरोबर ठेवावयाची टीप. दर वेळी फाइलीच्या शेजारी एका पानाचा मजकूर लिहून ठेवावा: नक्कल कोणत्या सेवेतून, कोणत्या खात्यातून, कोणी व कोणत्या तारखेस काढली, कोठपासून कोठपर्यंतचे संदेश तीत आहेत, वेळ भारतीय आहे की जागतिक, हॅशमूल्य काय, रुजुवात कोणी घेतली, आणि सर्वांत शेवटी, ‘यात आलेले नाही’ असा मथळा देऊन अंगठ्याच्या खुणा, वाचल्याच्या खुणा, अमुक तारखेपूर्वीचे संदेश, न उतरलेली चित्रे असा जो जो ऐवज बाहेर राहिला त्याची यादी. पाच वर्षांनी हे दप्तर उघडणारा इसम आपल्या दुकानातील नवा कारकून असेल, हिशोबतपासनीस असेल किंवा विरुद्ध पक्षाचा वकील असेल. त्याला फाइलीतील मजकूर फाइलच सांगेल, पण तीत काय नाही हे त्या एका यादीशिवाय त्याला कोठूनही कळणार नाही. म्हणून वेळ अपुरा असेल तर बाकीची टीप संक्षेपाने लिहावी, ही यादी मात्र सविस्तर लिहावी.